अत्तराच्या दुकानातलं बंद नाक

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात मी अत्तर विकायचो आणि मला वास येत नव्हता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसण्यासारखं फार काही नाही. आंधळा माणूस चष्म्याच्या दुकानात बसावा, तसा मी बसलो होतो, आणि तेही काही वर्षं, कुणाला पत्ता लागू न देता.

आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. आमच्याकडे मुलगा मॅट्रिक झाला की त्याचं बोट धरून कुणीतरी समुद्रापलीकडे नेतं, तसं मलाही नेलं. नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. माझा अर्बाब, म्हणजे मालक, उंच, कमी बोलणारा ओमानी माणूस. त्याचं दुकान किल्ल्याच्या जवळ होतं. ऊद, लोबान, गुलाबपाणी, छोट्या कुप्यांतली तेलं. ऊद म्हणजे आपल्याकडे तिन्हीसांजेला धुरी देतात तो नव्हे. इथला ऊद म्हणजे अगरूचं लाकूड, निखाऱ्यावर टाकायचं, नि बोटाएवढ्या तुकड्याला माणसं अख्ख्या बकऱ्याची किंमत देतात. अशा मालाच्या दुकानात अर्बाबनं मला ठेवलं ते माझ्या नाकामुळे. पहिल्याच दिवशी त्यानं मला चार तुकडे हुंगायला दिले. मी चारही बरोबर ओळखले नाहीत, पण कुठले दोन एकाच झाडाचे ते सांगितलं. "खलास," तो म्हणाला, म्हणजे झालं, ठरलं, "हा राहील." पासपोर्ट त्याच्या तिजोरीत गेला आणि मी दुकानामागच्या खोलीत.

त्या खोलीबद्दल आधीच सांगतो. ती पूर्वी मालाची कोठी होती. तिला एक खिडकी होती, पण त्या खिडकीत एसी बसवला होता, म्हणजे खिडकी नव्हतीच. दार दुकानात उघडायचं. दुकानाचं शटर खाली असलं की मी दोन भिंतींच्या आत. एसीचं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी भिंतीत झिरपायचं. भिंतीवर कपाट ठेवून मी तो ओला पट्टा झाकला होता. पुढं एका रजेत लग्न झालं, तेव्हा बायकोला मी सांगितलं होतं, "एसीची खोली आहे, स्वतंत्र. दुसरं कुणी नाही." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

नाक एका दिवसात गेलं नाही. आधी सर्दी झाली, ती गेलीच नाही. मग कपाळ जड. भुवयांच्या मधे कुणी अंगठा दाबून धरलाय, असं दिवसभर. नमाजात सजद्याला डोकं टेकलं की गालांच्या हाडांत अशी कळ यायची, की दुआ राहायची बाजूला नि मी मनात म्हणायचो, लवकर उठव बाबा. झोपेत तोंड उघडं, जीभ सकाळी टाळ्याला चिकटलेली. जेवणाची चव गेली. एसीचा गार झोत कपाळाला सोसेना, म्हणून मी लोकरीचा मफलर कानांभोवती गुंडाळून बसायला लागलो, ओमानच्या उन्हाळ्यात. शेजारच्या दुकानात रायगडकडचा एक शिंपी होता. तो म्हणायचा, "काय रे, काश्मीरला निघालास का?"

हा शिंपी माझा एकुलता एक दोस्त. दुपारी बाजार बंद झाला की तो शटर ठोठावायचा आणि मी म्हणायचो, ये आत. तो कधी आत यायचा नाही. दारातूनच म्हणायचा, "बाहेर ये रे, हवेशीर बसू." बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि हा म्हणे हवेशीर. मला वाटायचं, याला एसी सोसत नाही. आम्ही मशिदीच्या सावलीत बसायचो आणि घाम पुसत गावच्या गोष्टी करायचो. आपला मानी माणूस, स्वतःच्या खोलीत एसी नाही म्हणून दुसऱ्याच्या एसीत बसत नाही, असा मी अर्थ लावला होता.

रुस्ताकला गरम पाण्याचा झरा आहे. गंधकाचं पाणी. लोक अंगदुखीला तिथं बसतात. कुणी म्हणालं नाक त्या वाफेनं मोकळं होतं, म्हणून मी शुक्रवारी जाऊन तोंडावर वाफ घ्यायचो. शेजारी बसलेली पोरं नाक धरून हसत होती, कारण गंधकाचा वास. मला गरम पाणी आणि गार पाणी यापलीकडे काही फरक नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की हे नुसतं चोंदणं नाही. वास गेलाय. आणि वास गेला म्हणजे नोकरी गेली.

गावाला घरावर छप्पर चढायचं होतं. दोन मुली शाळेत होत्या. आई अंथरुणाला खिळलेली. मी परत गेलो असतो तर काय विकलं असतं तिथं? बंद नाक? म्हणून मी गप्प बसलो आणि डोळ्यांनी धंदा करायला शिकलो. चांगला लोबान हिरवट, नितळ असतो; हलका पिवळा नि मळकट. उदाचा चांगला तुकडा निखाऱ्यावर ठेवला की कडेनं तेल उकळतं. कुप्या मी एका ठरलेल्या क्रमानं मांडायचो आणि कुणाला हात लावू द्यायचो नाही. गिऱ्हाइकानं बूच काढून हुंगलं, की मी त्याच्या भुवया बघायचो. भुवया वर गेल्या तर म्हणायचो, "आधी गोड, मागून जरा कडवट, होय ना?" तो मान डोलवायचा. माणसाला आपलं नाक फार हुशार वाटतं, त्याला कुणी विरोध केला नाही की तो खूष असतो. पण संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी कुप्यांचा क्रम पुन्हा एकदा मोजून बघायचो. आज निभावलं, उद्याचं काय, हाच जप.

रजेला घरी जायचो तेव्हा बॅगेत कपड्यांच्या घड्यांत उदाचे तुकडे ठेवायचो, घरादाराला वास यावा म्हणून. बायको बॅग माजघरात येऊच द्यायची नाही. मागल्या दारी नेऊन उघडायची, कपडे थेट उकळत्या पाण्यात, सोडा टाकून. रिकामी बॅग उन्हात, दिवसच्या दिवस. मुली गळ्यात पडायला धावल्या की म्हणायची, "आधी अंघोळ करू द्या त्यांना." मी चिडायचो. "अगं, महागाचा ऊद धुऊन टाकतेस." ती म्हणायची, "असू दे. धुतलेलं बरं." मला वाटायचं, हिला परदेशाची किळस आहे, किंवा माझा राग आहे, वर्षंवर्षं तिकडे असतो म्हणून. मीही तोंड फुगवून बसायचो. रजेचे दोन दिवस त्यात जायचे.

मग ती मजलिस आली. अर्बाबचे थोरले भाऊ हजहून परतले होते, त्यांना भेटायला माणसं जमली होती. ओमानी घरात पाहुणचाराला क्रम असतो. आधी खजूर, हलवा आणि कहवा. पेला हलवून परत दिला की पुरे, नाही हलवला की पुन्हा भरतात. शेवटी गुलाबपाणी आणि मग धुपाटणं फिरतं. धुपाटणं आलं की निघायची वेळ, हे पाहुण्यांना सांगावं लागत नाही. प्रत्येक जण ते हातात घेतो, दाढीखाली धरतो, कपड्यांत धूर घेतो, दोन चांगले शब्द बोलतो आणि पुढं देतो.

मी दाराजवळ बसलो होतो, नोकराच्या जागी. म्हणजे धुपाटणं माझ्याकडे सगळ्यांत शेवटी येणार. घरात एसी जोरात, त्यामुळे मफलर गळ्यात होताच. धुपाटणं आलं. मी ते हनुवटीखाली धरलं, डोळे मिटले, लांब श्वास ओढल्याचं सोंग केलं. मग मला वाटलं, अत्तरवाल्यानं नुसता श्वास घेऊन कसं चालेल, चार शब्द बोलायला हवेत. मी डोळे मिटूनच सुरू झालो. माशाल्ला, अर्बाबच्या घरचा ऊद, असा सुगंध सबंध रुस्ताकात नाही, आधी गोड, मागून जरा कडवट.

मजलिस गप्प झाली. मला वाटलं, मला दाद देताहेत. आणखी एक श्वास ओढला. तेवढ्यात अर्बाब जागेवरून उठून आला, त्यानं माझ्या गळ्यातून मफलर खेचला, जमिनीवर टाकला आणि पायानं दाबला. मफलरचं टोक निखाऱ्यावर पडून जळत होतं. लोकर जळाल्यावर केस जळाल्यासारखा घाण वास येतो. अख्ख्या मजलिसीनं नाकाला कपडा लावला होता, आणि मी त्या वासाची तारीफ करत बसलो होतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाहुणे उठून गेले. अर्बाबनं मला थांबवलं आणि विचारलं, "केव्हापासून?" मी म्हणालो, काही वर्षं झाली. त्यानं जळका मफलर उचलून दाराबाहेर टाकला. मग म्हणाला, "खलास." त्याच एका शब्दावर त्यानं मला ठेवलं होतं, आता त्याच शब्दावर घालवतोय, असं मी समजलो. खोलीत जाऊन बॅग भरली. आईला काय सांगायचं, ते जुळवत बसलो.

सकाळी अर्बाबची गाडी दुकानासमोर उभी. मी बॅग घेऊन बाहेर आलो. त्यानं बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती कशाला? यल्ला, चल, बस." आम्ही मस्कतला निघालो. विमानतळाचं वळण मागं पडलं आणि गाडी वळली नाही, तेव्हा मी विचारलं कुठं जातोय. "डॉक्टरकडे. दुकानाला नाक पाहिजे. नवीन माणूस शिकवायला मला वेळ नाही." थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "मी तुझं नाक दुरुस्त करून देतो. पण मग दोन वर्षं रजा नाही. कबूल?" मी आय्वा म्हणालो, म्हणजे हो. त्या वेळी त्यानं पाच म्हटलं असतं तरी मी आय्वा म्हणालो असतो.

डॉक्टर हैदराबादचे होते. त्यांनी डोक्याचा स्कॅन काढला आणि काचेवर लावून दाखवला. चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात म्हणे, त्या फिल्मवर काळ्या दिसायला हव्यात. माझ्या सगळ्या पांढऱ्या. "भाई, इसमें तो हवा के लिए जगह ही नहीं है," ते म्हणाले. सूज वर्षानुवर्षं राहिली, पोकळ्यांची तोंडं बंद झाली आणि नाकात द्राक्षांच्या घोसासारखे कोंब वाढले होते. ऑपरेशन नाकपुडीतूनच होणार होतं. पेन्सिलीएवढी दुर्बीण, तिच्या टोकाला दिवा, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं, चेहऱ्यावर एक चीर नाही. वर मेंदू, बाजूला डोळा, म्हणून जपून करावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, वास येईल? ते म्हणाले, श्वास नक्की येईल, वासाची हमी देत नाही. बाहेर आल्यावर अर्बाबनं विचारलं काय म्हणाले. मी म्हणालो, इन्शाल्ला म्हणाले.

दुर्बीण मी पाहिलीच नाही. बेशुद्धीत होतो. शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही नाकपुड्या पट्ट्यांनी ठासून भरलेल्या. आयुष्यात इतका कोंडलो नव्हतो. घोट गिळला की कान फुटतात की काय असं व्हायचं. पाण्याचा घोट घ्यायचा तर आधी श्वास धरायचा, मग गिळायचं, मग माशासारखं तोंड उघडायचं. केरळची नर्स येऊन सांगायची, "मुँह से, मुँह से." मी मनात म्हणायचो, दुसरं आहे काय माझ्याकडे? उताणं झोपून छताकडे बघत राहिलो. त्या बंद खोलीत काही वर्षं जे झेललं, ते इथं कुणी माझ्या डोक्यातच आणून बसवलं होतं.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पुढं वाका. ते ओढत गेले, ओढत गेले, डोळ्यांच्या मागून कुणी साडीची किनार काढतंय असं वाटलं. रक्त, पाणी, काय काय आलं. आणि मग एकदम गार हवा थेट कपाळापर्यंत गेली. मी रडायला लागलो. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. दुखतही होतं, पण म्हणून नव्हे.

श्वास आला. वास आला नाही. मी दुकानात परतलो, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचो, खपल्या निघायच्या, फवारे मारायचो. अर्बाब रोज संध्याकाळी यायचा आणि हात नाकाकडे नेऊन एवढंच विचारायचा, "आला?" मी म्हणायचो, इन्शाल्ला. त्याच्या तोंडावर काही दिसायचं नाही, पण विचारण्याआधी तो जरा थांबायला लागला होता. मला झोप लागेना. ऑपरेशन करून घेतलं, शब्द दिला, आणि नाक नुसती हवा घेतंय. अशा नाकाला दुकानात कोण ठेवणार?

एका सकाळी एक म्हातारा दुकानात आला. त्यानं गुलाबाच्या तेलाची कुपी उघडली, आणि माझ्यापर्यंत काहीतरी आलं. आधी ओळखता येईना. चिमटीएवढं, पातळ. मग कळलं, गुलाब. मी त्या म्हाताऱ्याच्या हातातून कुपी जवळजवळ हिसकावलीच. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी एकेक बूच काढत गेलो. चंदन आलं, केशर अर्धवट आलं, ऊद असा आला की छाती भरून गेली. अर्बाबला बोलावणं धाडलं. त्यानं खिशातून तुकडे काढून माझ्यापुढं ठेवले आणि मी डोळे मिटून ओळखले. तो पहिल्यांदा मनापासून हसला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता दोन वर्षं." मीही हसलो. आनंदानं हसलो, खोटं का सांगू.

दुपारी बाजार बंद झाला. शटर खाली ओढलं, खोलीचं दार उघडलं आणि मी दारातच थांबलो. आत काहीतरी मेलेलं होतं. मला वाटलं उंदीर. खाट ओढली, खाली बघितलं, उंदीर नाही. पेट्या हलवल्या, नाही. कपाट बाजूला सरकवलं तर मागं भिंत छतापर्यंत काळी, ओली, केसाळ बुरशी. कपाटाची पाठ कुजून सुटली होती. गादी उलटी केली तर गादीला तोच वास. उशीला आणखी वाईट, आंबट, जुन्या घामाचा नि बुरशीचा. खुंटीवरचा सदरा नाकाला लावला. त्याला तोच. अंगातला काढून हुंगला, त्यालाही. उंदीर वगैरे काही नव्हतं. खोलीलाच तो वास होता, आणि मी इतकी वर्षं त्यात झोपत होतो. नाक बंद होतं म्हणून झोपत होतो. शिंपी तेवढ्यात शटर ठोठावून म्हणाला, बाहेर ये रे, हवेशीर बसू. मी शटर वर केलं आणि हातातला सदरा त्याच्यापुढं धरला. तो समजला. खाली मान घालून म्हणाला, "तुला कसं सांगायचं, राजा?"

मी फिनेल आणलं, भिंत घासली, गादी बदलली. बुरशी आठवड्यात परत. एसी बंद करावा तर गुदमरायचं, चालू ठेवावा तर पाणी झिरपायचं. अर्बाबला आणून दाखवलं. इतक्या वर्षांत तो त्या खोलीत पहिल्यांदाच आला. डोक्याच्या शालीचं टोक नाकाला लावून दारातच उभा राहिला. "रंग लावून घेऊ," म्हणाला, "इन्शाल्ला." चांगला माणूस होता. त्याच्यामुळे मी श्वास घेत होतो.

शुक्रवारी टेलिफोनच्या खोक्यात जाऊन घरी फोन लावला. ऑपरेशनचं मी कळवलं होतं, पण वासाचं राखून ठेवलं होतं, वास परत आल्यावर सांगू म्हणून. बायको फोनवर आली. आमची घरची बोली इथं तशीच लिहीत नाही, सगळ्यांना कळावी म्हणून सरळ लिहितो.

"नाक उघडलं," मी म्हणालो. "वास येतो आता. सगळे वास येतात."

मला वाटलं, ती अल्लाचे आभार मानेल, मुलींना हाक मारेल. मागं कुठंतरी कोंबडी ओरडत होती, ती ऐकू आली. मग ती हळूच म्हणाली, "मग आता त्या खोलीत कसे राहाल तुम्ही?"

मी खोलीबद्दल तिला कधी एक शब्द जास्तीचा बोललो नव्हतो. त्या खोक्यात उभ्या उभ्या मला मागल्या दारचं उकळतं पाणी दिसलं, सोड्याचा फेस दिसला, उन्हात आ वासून पडलेली बॅग दिसली. दर रजेला ती बॅग उघडायची आणि मी कुठं झोपतो ते तिला कळायचं. वाफेत तोंड घालून तेच ती धुवत बसायची. आणि मी ओसरीवर उदाच्या किमती सांगत बसायचो.

"एसी आहे ना," मी म्हणालो. "स्वतंत्र खोली आहे."

"हो," ती म्हणाली.